पुढे लागलं तर?

लॅपटॉपच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘कशासाठी पाहिजे?’ हा. बापमंडळी त्यावर ‘शिक्षणासाठी’ असं बाणेदार उत्तर देतात आणि पुढची चर्चा तिथेच संपते. कारण शिक्षण म्हटलं की घासाघीस करायची माणसाला लाज वाटते आणि हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या आटोपल्या की नाशकात कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, कॉलेज रोड या पट्ट्यात अशी कुटुंबं दिसू लागतात. पुढे मुलगा किंवा मुलगी, मागे वडील, पर्स छातीशी धरलेली आई आणि ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून धरून आणलेला एक नातेवाईक. आमच्या घराण्यात हे शेवटचं पद माझ्याकडे आहे. बँकेत जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसलो, एवढीच माझी पात्रता.

माझी ताई निफाड तालुक्यात दिलेली. तिकडच्या घरांत लॅपटॉपचं कॉन्फिगरेशन दुकानात ठरत नाही, लासलगावच्या लिलावात ठरतं. हे मी गमतीने म्हणत नाही. थोरल्या भाच्याच्या लॅपटॉपचा घाट घातला तो २०२३च्या हिवाळ्यात. डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी आली, भाव कोसळले आणि आय-फाइव्हचा बघता बघता आय-थ्री झाला. पोरगा समजूतदार, काही बोलला नाही. पण दाजींच्या मनात ते राहिलं. आता धाकटीला ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’ला प्रवेश मिळाला, त्यात कांद्याचे पैसे बरे झाले, तेव्हा दाजी दुकानात शिरले ते थोरल्याचीसुद्धा कसर भरून काढायची अशा बेतानेच.

“पाहुणे, सगळ्यात भारी कोणता ते सांगा,” ते मला म्हणाले.

“पण तिला एवढा लागणार नाही, दाजी.”

“आज नाही लागणार. पुढे लागलं तर?”

‘पुढे लागलं तर’ या तीन शब्दांवर देशातला निम्मा लॅपटॉपधंदा चालत असावा. आपण लॅपटॉप घेतो तो समोर उभ्या असलेल्या पोरासाठी घेतच नाही. तो घेतो चार वर्षांनंतरच्या एका काल्पनिक पोरासाठी. ते पोर सकाळी अवकाशयानाचं डिझाइन करतं, दुपारी अ‍ॅप लिहितं, संध्याकाळी सिनेमा एडिट करतं आणि रात्री अमेरिकेतल्या कंपनीला मुलाखत देतं. खरं पोर पहिल्या वर्षाला गणिताचा बॅकलॉग राहू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं असतं.

पहिल्या वर्षाला कॉम्प्युटरवर करायचं काय, तर बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमिंगची तोंडओळख. काही ठिकाणी अजूनही टर्बो सीवर. निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं. १९९०च्या आसपासचं हे सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर सरळ चालतही नाही. त्याच्यासाठी आधी जुन्या डॉसचं सोंग घेणारं दुसरं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. म्हणजे ऐंशी हजारांचं यंत्र घ्यायचं आणि त्याला पस्तीस वर्षं मागे नेऊन ‘हॅलो वर्ल्ड’ म्हणायला लावायचं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. सेकंदाला अब्जाच्या घरात आकडेमोड करणारं यंत्र आपल्याकडेही झालं, याचा आम्हाला तेव्हा केवढा अभिमान! आज सेल्समन ‘हा बेसिक आहे, सर’ म्हणून जो लॅपटॉप नाक मुरडून बाजूला सारतो, तो त्या परमच्या कितीतरी पुढे असतो. आणि त्यावर पोरं मित्राची असाइनमेंट कॉपी करून वरचं नाव तेवढं बदलतात.

दाजींचा युक्तिवाद मात्र बिनतोड होता. शाखेच्या नावातच बुद्धिमत्ता आहे, मग यंत्राला ती जास्त नको? सेल्समनने ही संधी साधली. लाल दिव्यांचा कीबोर्ड, मागे मोटारसायकलच्या सायलेन्सरसारखी तोंडं आणि आत ग्राफिक कार्ड असलेला एक गेमिंग लॅपटॉप त्याने पुढे सरकवला. “एआयला हाच लागतो, सर.” आता यात अगदीच खोटं नाही. मोठी मॉडेलं शिकवायला ग्राफिक कार्ड लागतं खरं. पण विद्यार्थी ती कामं बहुतेक गूगल कोलॅबसारख्या सोयीवर करतात. तिथे कार्ड गूगलचं, वीज गूगलची, आपल्याकडे फक्त ब्राउझर. हे सांगितल्यावर दाजींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. दुसऱ्याच्या विहिरीवर आपलं शेत भिजवायचं, हा हिशेब त्यांना पटणारा नव्हता.

मग मी वादावादी सोडली आणि भाचीला म्हटलं, “हा सॅकमध्ये घाल, चार्जर पण घाल आणि खांद्याला लावून दुकानात एक चक्कर मार.” लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे, चार्जर अर्ध्या किलोच्या वर. तो चार्जर हातात घेतला तर वीटच, त्याची वायरही तितकीच जाडजूड. पोरगी रोज घरून जाऊन-येऊन करणार. निफाडपासून नाशिकपर्यंत एसटी, पुढे सिटीलिंकची बस, त्यात डबा, पाण्याची बाटली आणि ड्रॉइंगचं सामान. तिने एक चक्कर मारली, पट्टा सारखा केला आणि वडिलांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, “चालेल, पप्पा.” ते ‘चालेल’ ऐकून ताई पहिल्यांदा बोलली, “ठेव खाली ते.”

विद्यार्थ्याचा लॅपटॉप आधी खांद्यावर आणि मांडीवर वापरला जातो, टेबलाची पाळी नंतर. ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही. म्हणून मी प्रोसेसरच्या आधी वजन बघतो. मग पडदा. स्वस्त लॅपटॉपचा पडदा दुकानातल्या दिव्याखाली छान दिसतो आणि खिडकीजवळ नेला की त्यात आपलंच तोंड दिसतं. अडीचशे निट्सचा पडदा घरात ठीक आहे, पण दिवसाउजेडी व्हरांड्यात बसून काम करणाऱ्याला तीनशेच्या वरचा बरा. मग चार्जर. टाइप-सी पिनवर चार्ज होणारा असला तर विसरलेल्या दिवशी मैत्रिणीचा मागता येतो. आणि पंखा. अभ्यासिकेत शंभर पोरं चिडीचूप बसलेली असताना एखाद्याच्या गेमिंग लॅपटॉपचा पंखा सुरू झाला, की सगळ्या माना तिकडे वळतात. त्या बिचाऱ्याने फक्त पीडीएफ उघडलेली असते.

मेमरीवर मात्र मी कंजुषी करू दिली नाही. आठ जीबीत काम भागतं, पण ब्राउझरच्या वीस खिडक्या आणि अँड्रॉइड स्टुडिओ एकदम उघडले की आठ जीबीवालं मशीन धापा टाकतं. सोळा घ्यावी. आणि ती जमत नसेल तर निदान मोकळा स्लॉट आहे ना, ते विचारावं. काही पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढत नाही. हे ऐकून दाजी खुलले. “म्हणजे पुढे लागलं तर पुढेच घालता येतं?” येतं की! त्यासाठी आजच पैसे अडकवून ठेवायची गरज नसते. कपाळावरच्या दोन आठ्या तिथेच कमी झाल्या.

शाखेप्रमाणे गणित बदलतं, हे खरंच. आर्किटेक्चरच्या पोराला ग्राफिक कार्ड चैन म्हणून लागत नाही, गरज म्हणून लागतं. मेकॅनिकलवाल्याने हौसेने मॅकबुक घेऊ नये, सॉलिडवर्क्स त्यावर सरळ चालत नाही. कॉमर्सला टॅली आणि एक्सेल चाललं की झालं. ज्यांचं बजेट तोकडं, त्यांनी कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप जरूर बघावेत. त्यांचे कीबोर्ड नव्या स्वस्त मालापेक्षा दणकट असतात. बॅटरी मात्र थकलेली धरून चालावं. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो निदान आठव्या पिढीचा हवा. कारण विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या पिढ्यांना रीतसर घरात घेत नाही.

शेवटी चौदा इंची, दीड किलोच्या आतला, सोळा जीबीचा, ग्राफिक कार्ड नसलेला लॅपटॉप ठरला. भाचीने एका बोटाने झाकण वर केलं. खालचा भाग जागचा हलला नाही, तेव्हा ती पहिल्यांदा मनापासून हसली. मग कीबोर्डवर चार ओळी टाइप करून बघितल्या. त्यात आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, कुत्र्याचंही होतं. माझं नव्हतं. दाजी शेजारी उभे राहून बारकाईने पाहत होते. अचानक त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“हे काय? खोक्यावर ५१२ लिहिलंय आणि इथे ४७६च दिसतात. छत्तीस जीबी गेले कुठे?”

सेल्समन ‘असंच असतं, सर’ म्हणाला. दाजींना हे उत्तर अडत्यांकडूनही फार वेळा मिळालेलं असल्यामुळे ते इरेला पेटले. मी समजावलं, की कंपनी हजार-हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत. माल तेवढाच, मापं दोन.

“म्हणजे कडता कापला,” दाजी म्हणाले, “इथेही.”

त्या कडत्याची भरपाई म्हणून त्यांनी माउस, माउस पॅड, कीबोर्डवर घालायचं रबरी कव्हर आणि दुसरी बॅग काढून घेतली. मूळ किमतीवर घासाघीस करायला लाजलेला माणूस माउस पॅडवर पाऊण तास लढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. बिलावर नाव भाचीचं घातलं, पण वॉरंटीच्या नोंदणीला मोबाइल नंबर दाजींचा. पासवर्डही त्यांनीच सुचवला आणि भाचीने रस्त्यात बदलला. घरी ताईने लॅपटॉपला हळदीकुंकू वाहिलं. रबरी कव्हरचा उपयोग तिथेच सिद्ध झाला.

कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, दाजींचा फोन. कॉलेजातून सूचना आली होती : पहिल्या सत्राचे सगळे प्रयोग, प्रोग्रॅमसुद्धा, वहीत स्वहस्ते लिहून, सरांची सही घेऊन जमा करावेत.

“मग वही कोणती घ्यायची म्हणे?” मी विचारलं.

“पोरगी म्हणते शंभरपानी पुरेल,” दाजी म्हणाले. “मी दोनशेपानी घेतली. पुढे लागलं तर?”