मोजणीवाले साहेब

आमच्या महाप्याच्या ऑफिसात हल्ली दोन आजार फार आहेत. एक मानेचा, दुसरा प्लॉटचा. मानेला फिजिओथेरपी आहे. प्लॉटचा आजार जडलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या आधी मोबाइल उघडतो आणि आपल्याला डोंगराचा फोटो दाखवतो. फोटोत डोंगर असतो, ढग असतो, आणि कोपऱ्यात कुणाची तरी म्हैस असते. म्हैस किमतीत धरलेली नसते.

आमच्या मॅनेजरने असाच एक डोंगराचा तुकडा हप्त्यांवर घेतला. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही, प्रकरण तहसीलदारांपुढे आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. १९४८चा कूळ कायदा, कलम ६३. मॅनेजर जन्माने ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावरचा. पण सांगोल्याकडच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर वारसांच्या रांगेत शेवटी त्याचं नाव निघालं आणि वाटणीच्या सव्वा गुंठ्याच्या जोरावर तो भूमिपुत्र झाला. सव्वा गुंठा म्हणजे साधारण १,३६० चौरस फूट. त्यात टू बीएचके बसतो, नांगर वळत नाही.

प्लॉट पाहायला मला का नेलं, हे सांगायला हवं. मी ऑफिसात यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितो, म्हणजे जी पुस्तकं लोक खोक्यातून काढून पहिल्यांदा फेकतात ती. निसर्गाचा आणि माझा संबंध पुदिन्याच्या चटणीपुरता. पण माझा चेहरा सरकारी आहे. खिशाला पेन, नाकावर घसरलेला चष्मा, काखेत फाइल ठेवण्याची सवय आणि मुद्रेवर कायम ‘उद्या या’. बँकेत लोक माझ्याकडे फॉर्म देतात. रेल्वे स्टेशनवर अनोळखी माणसं मला लेट गाडीबद्दल झापतात. बायकोच्या माहेरी पहिल्यांदा गेलो तेव्हा सासऱ्यांनी घरपट्टीची पावती आणून दाखवली होती. मॅनेजर म्हणाला, “सर, तुम्ही नुसते उभे राहा. गावकरी नीट बोलतात.”

तिसरा दादूस. ऑफिसला गाड्या लावतो, राहणार महापे गावठाण. वडिलांची भातशेती एमआयडीसीत गेली. आम्ही जिथे पार्किंगसाठी भांडतो तिथे त्याची आजी वाल लावायची. हे तो रागाने सांगत नाही. पार्किंगला जागा मिळाली नाही की तेवढ्यापुरतं सांगतो.

शिळफाटा हे प्रवासवर्णनाला फार अनुकूल ठिकाण आहे. तिथे वर्णनाला भरपूर वेळ मिळतो. काटई, बदलापूर करत आम्ही बारवी धरणापाशी आलो. हे धरण पाटबंधारे खात्याचं नाही, एमआयडीसीचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना पाणी इथून जातं. म्हणजे आमच्या ऑफिसच्या कूलरचंही. पुढे धरणाची उंची वाढवली तेव्हा आणखी वस्त्या पाण्यात गेल्या. मॅनेजर सेल्फी काढत होता. दादूस म्हणाला, “आपून हापिसान हात धुतो ना, त्या पान्याखाली ह्यांची घरा हायेत.” मॅनेजरने सेल्फी पुन्हा काढली, पहिलीत डोळे मिटले होते.

सिद्धगड सुंदर आहे. मूळचे माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ला इथेच इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना पडले. वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून ज्यांनी मुंबईच्या कारखान्यांची वीज तोडली ती ही माणसं. मला आणखी पाहायचं होतं, पण मॅनेजरला प्लॉटवरून सूर्य कुठे मावळेल ते बघायचं होतं.

प्लॉटवर तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी आणि मधोमध एक जुना आंबा. मॅनेजरने बेडरूम कुठे, ‘इन्फिनिटी पूल’ कुठे ते चालून दाखवलं. दुपारी परत निघालो आणि वाटेतल्या पहिल्याच घरापाशी दादूसने ब्रेक मारला.

सकाळी जिथून गाडी आली तिथे मांडव उभा होता.

बांबू रोवलेले, कापड चढलेलं, चुलीवर पातेली, मधोमध डीजेच्या खोक्यांची उतरंड. सकाळी ज्याला आम्ही रस्ता समजलो ते नवरदेवाचं अंगण होतं. माहितीपत्रकात तिथे तीस फुटी रस्ता आणि दुतर्फा गुलमोहर छापलेला. नवरदेवाचा आजा बाजेवर बसून विडी ओढत होता.

“बाबा, गाडी काढायची आहे.”

“काढा की. लगीन लागलं का काढा.”

“लग्न कधी आहे?”

“उद्या दुपारी.”

मॅनेजर नकाशा घेऊन पुढे झाला. नकाशात रस्ता स्पष्ट होता. आजाने नकाशा उलटा धरून न्याहाळला आणि विचारलं, “ह्यात माजी इहीर कुठं हाय?” विहीर नव्हती. “मग ह्यो आमचा गाव नाय.”

एवढ्यात माझा चेहरा कामाला लागला. फाइल काखेत, छत्रीने मी नुसता एक बांबू टोकरला, आणि चुलीपाशी कुजबूज झाली, “मोजनीवालं आलं.” मी स्पष्ट सांगितलं की मी मोजणीवाला नाही. आजा शेजाऱ्याला म्हणाला, “सायेब कबूल नाय करत. वरून आदेश असल.” खुर्ची आली. पाणी आलं. चहा आला तो कपबशीतून. बाकी दोघांना प्लास्टिकचे पेले. मॅनेजर त्या बशीकडे ज्या नजरेने बघत राहिला ती नजर माझ्या वार्षिक मूल्यमापनात उतरेल अशी मला धास्ती आहे.

मग सुरू झाली सुनावणी. तारेचं कुंपण पडलं ते नेमकं विहिरीच्या पायवाटेवर, आता बाया लांबून वळसा घेतात. मसणाची वाट फाटकाने अडली. मागच्या पावसाळ्यात तिरडी कुंपणावरून उचलून न्यावी लागली. प्लॉटवाल्यांच्या बोअरने मार्चमध्येच विहीर तळाला जाते. शनिवारी रात्री पोहण्याच्या तलावाकाठी गाणी, आणि ड्रोनला बुजून बैलाने दावं तोडलेलं. मी ‘हं’ एवढंच म्हणत होतो. पण सरकारी चेहऱ्याचं ‘हं’ लोक आश्वासन समजतात.

मॅनेजरकडे दुसरी यादी होतीच. प्लॉटधारकांच्या ग्रुपवर ती रोज वाढते: कोंबडा पहाटे चारला ओरडतो, शेणाचा वास येतो, देवळात भजनाला माइक. सर्वांत मोठा गुन्हा राबाचा धूर. इकडे पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजतात. फांद्या, पाचोळा, शेण पसरून वर माती टाकतात आणि पेटवतात. तण मरतं, राखेचं खत होतं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं काम. एका नव्या प्लॉटवाल्याने गच्चीवरून धूर पाहिला आणि वणवा लागला म्हणून अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला, आणि गावात अडकला. वाट अरुंद झाली होती, त्याच प्लॉटवाल्याच्या कुंपणाने.

आता मॅनेजरच्या बाजूनेही सांगतो, कारण पगारवाढ जवळ आली आहे. माणूस वाईट नाही. भविष्य निर्वाह निधी मोडून त्याने ही जमीन घेतली. कोपरखैरण्याच्या फ्लॅटची खिडकी समोरच्या खिडकीत उघडते. त्याच्या वडिलांनी उभं आयुष्य सांगोल्याच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या. त्यांना एकदा हिरवं शेत दाखवावं आणि ‘हे आपलं’ म्हणावं, एवढीच हौस. फक्त त्या ‘आपलं’मधून बाकीचे सगळे वगळायचे, हे त्याला दलालाने शिकवलं.

संध्याकाळी त्याने ११२ फिरवायचं ठरवलं. नेटवर्क मांडवातच मिळत होतं, तेही डीजेच्या खोक्यावर चढल्यावर. आजाने आपणहून सांगितलं, “पोलीस पाटलाला बोलवू? त्यो काय, वाटप करतोय.” पोलीस पाटील नवरदेवाचा मामा होता आणि हातात मटणाची बादली होती. एसटी निघून गेली होती. दादूस गाडी सोडून जायला तयार नव्हता आणि बादली पाहिल्यावर तर मुळीच नव्हता.

हळद म्हणजे काय हे ठाणे-रायगडच्या बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. लग्न ही औपचारिकता असते, हळद हा मूळ कार्यक्रम. मॅनेजर दहाच्या ठोक्याला घड्याळ दाखवत ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगू लागला. ते ऐकू जाण्यासाठी त्याला ओरडावं लागत होतं. दादूस मात्र पाण्यात मासा सोडावा तसा मांडवात शिरला. काही वेळाने त्याच्या डोक्यावर टोपी, कपाळाला हळद आणि खांद्यावर नवरदेव होता.

मी गाडीत बसून मोबाइलवर कायदा वाचला. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जायचं, तेही सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. म्हणजे एकाच अंगणासाठी मॅनेजर एका कलमाने जाणार आणि गाव दुसऱ्याने. शोधता शोधता फ्रान्स लागलं. ओलेरॉन बेटावर सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी मॉरिस नावाच्या कोंबड्यावर, पहाटे ओरडतो म्हणून, खटला भरला होता. २०१९मध्ये कोर्टाने निकाल कोंबड्याच्या बाजूने दिला आणि जानेवारी २०२१मध्ये फ्रेंच संसदेने खेड्यातले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून कायद्याने मान्यताच दिली. मी ही बातमी काच खाली करून आजाला सांगितली. आजाने विचारलं, “कोंबडा हजर झाला व्हता का?”

तो हसत होता तेव्हा एक म्हातारी गाडीपाशी आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने आधी रेशनकार्ड काढलं, मग देवाचा फोटो, मग घडी पडून फाटत आलेला सातबारा. “माजं नाव हाय का बगा.” मी पुन्हा सांगितलं, आजी, मी सरकारी नाही. “वाचता येतं ना?”

वाचता येत होतं. तिच्या नवऱ्याच्या नावाला कंस पडलेला. त्याखाली दिरांची नावं, तीही कंसात. शेवटी प्लॉट विकणारी कंपनी. तिचं नाव कुठेच नव्हतं. नवरा गेल्यावर वारस नोंदीत ते घातलंच नव्हतं. तिने त्या जमिनीत किती पावसाळे भाताची आवण लावली असेल, त्याचा रकाना सातबाऱ्यावर नसतो. मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. डीजे वाजत होता म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. ‘नाही आजी’ हे ओरडून सांगायची पाळी कुणावर येऊ नये.

“बरं,” ती म्हणाली. “आन आंबा?”

तो आंबा मॅनेजरच्या कुंपणातला. तिने लावलेला. उद्याच्या तोरणाला टहाळे आणि पोरांना चार कैऱ्या, एवढंच तिला हवं होतं. मी मॅनेजरला हलवून उठवलं. तो खरोखर हळहळला. म्हणाला, “घेऊ दे ना सर, माझी काहीच हरकत नाही. फक्त एकदा ग्रुपवर टाकतो. उद्या सगळेच मागायला लागले तर पायंडा पडतो.” मला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातात खरोखर सरकारी शिक्का असावा असं वाटलं, तो मी कुठे उमटवला असता ते लिहीत नाही.

दादूसने ग्रुपची वाट पाहिली नाही. अंधारातच कुंपणावरून गेला आणि पहाटे मांडवाला तोरण होतं. त्याच्या शर्टाची बाही तारेत राहिली. मॅनेजर काही म्हणायच्या आत तो म्हणाला, “आमचे गावान पन मोजनी झाली तवा आमी आदी दगडा काढली व्हती. काय उपेग झाला? चौऱ्यांशी साली तिकडं उरनला पाच मानसा गोळीन गेली, तवा कुठं शिडकोत जमिनी गेल्यांना साडेबारा टक्के जमीन परत. तुमाला नाय म्हनत मी. तुमी तं हप्ते भरताव.”

दुपारी लग्न लागलं. मला टॉवेल, टोपी, नारळ. माइकवरून ‘भूमी अभिलेखचे साहेब’ असा पुकारा झाला. मग आजा आणि मॅनेजर, दोघांनीही मला अंगणात उभं केलं: साहेब, आता तुम्हीच सांगा. मी सांगितलं की मला अधिकार नाही. दोघांनाही उत्तर पसंत पडलं नाही. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी छत्रीने अंगण मोजलं, मागे एक पोरगं रांगोळीच्या डब्यातून रेघ ओढत आलं. मांडवाचे दोन बांबू काढले, गाडी त्या रेघेवरून निघाली आणि विहिरीच्या पायवाटेसाठी कुंपणाचा एक खांब हलवायला मॅनेजर ‘तात्पुरता’ कबूल झाला. ग्रुपवर त्याने त्याच दिवशी लिहिलं: शासकीय पाहणी सकारात्मक.

पुढे त्याने रीतसर फी भरून मोजणीची तारीख घेतली. मोजणी अधिकारी आला तो तरुण, जीन्स, गॉगल, हातात उपग्रहावरून मोजणारं रोव्हर यंत्र. गाव गोळा झालं. आजाने त्याला नखशिखांत पाहिलं आणि आधी ओळखपत्र मागितलं. त्याने दाखवलं. ते उलटसुलट करून परत देत आजा म्हणाला, “आमचे मोजनीवालं सायेब येऊन गेलं. पेनवालं. त्यांला फोन लावा.”

आणि माझा फोन वाजला. अधिकारी अतिशय नम्रपणे विचारत होता, “सर, आपण कुठल्या कार्यालयात असता? त्या रेघेचा तेवढा पंचनामा मिळेल का?”