भाऊंचा ताप अडीचच्या पटीत

सांगली-मिरज पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या जिममध्ये शिरा, एक भाऊ सापडतातच. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी पतसंस्थेत नाहीतर साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात, आणि तळहाताला असे घट्टे की हात मिळवणाऱ्यानं नंतर गुपचूप आपला हात तपासावा. भाऊ बॉडीबिल्डर नाहीत. आरशासमोर दंड फुगवणाऱ्या पोरांकडे ते, वारकऱ्यानं पर्यटकाकडे बघावं, तसं बघतात. भाऊ पॉवरलिफ्टर. स्क्वॉट, बेंच आणि डेड, म्हणजे डेडलिफ्ट. प्रत्येकाचे तीन प्रयत्न, त्यातलं सर्वांत जड यशस्वी वजन धरायचं, तिन्हींची बेरीज करायची, ती टोटल. मुलगी कितवीत आहे असं विचारलं तर भाऊ स्वयंपाकघराकडे बघतात. मागच्या पाच वर्षांच्या टोटल मात्र झोपेतून उठवून विचारा.

या भाऊंचं एक ठरलेलं आहे. स्पर्धेची प्रवेश फी भरली की ते आजारी पडतात. एखाद्या वर्षी टायफॉइड, एखाद्या वर्षी नुसताच व्हायरल. यंदा डेंगी. यात योगायोग फारसा नाही. पावसाळा ओसरला की स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि डासांचाही. त्यातून डेंगीचा डास दिवसाउजेडी चावणारा आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा. जिमच्या मागं, पोरांना उलटवायला म्हणून भाऊंनीच ट्रॅक्टरचे जुने टायर आणून टाकलेत. पोरं ते चार दिवस उलटवतात, मग कंटाळतात. पावसाचं पाणी कंटाळत नाही.

ताप चढला तेव्हा वहिनींनी थर्मामीटर बघून सांगितलं, ‘‘एकशे दोन.’’

‘‘एकशे दोन कसा असेल?’’ भाऊ पांघरुणातून म्हणाले. ‘‘एक तर शंभर, नाहीतर एकशे अडीच.’’

स्पर्धेत वजन अडीच किलोच्या पटीत वाढतं. तापानं हा नियम पाळू नये, हे भाऊंना शेवटपर्यंत पटलं नाही.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेससाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं इस्पितळ काढलं, तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण इथं येतात. त्यामुळे भाऊंना डॉक्टर मिळायला वेळ लागला नाही. डॉक्टरांना भाऊ कळायला लागला. प्लेटलेट्स अडुसष्ट हजार निघाल्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. डॉक्टर गंभीर झाले. भाऊंनी शेजारच्या कॉटवर चौकशी केली. त्याच्या पंचेचाळीस हजार होत्या.

‘‘म्हणजे वॉर्डात मी पुढं आहे,’’ भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आकडा चौऱ्याहत्तरवर गेला, तर भाऊंनी जिमच्या पोरांना फोनवर ‘पीआर’, म्हणजे स्वतःचा विक्रम, झाल्याचं कळवलं. पोरांना वाटलं भाऊंनी कॉटच उचलली. तिसऱ्या दिवशी आकडा सत्तरवर घसरला, तेव्हा त्यांनी लॅबवाल्यालाच दम दिला, की पंच बदला. कुणी किवी आणत होतं, कुणी पपईच्या पानांचा रस. डॉक्टर म्हणत होते, भरपूर पाणी प्या, पडून राहा, तापाला पॅरासिटामॉल घ्या आणि ती तुमची आयबुप्रोफेनची गोळी अजिबात नको, रक्तस्राव होईल. भाऊ स्पर्धेच्या मोसमात ती गोळी बडीशेपेसारखी खातात. तेवढं ऐकल्यावर मात्र ते खरंच आजारी दिसायला लागले.

डिस्चार्जच्या वेळी भाऊंनी तो प्रश्न विचारला, जो ही जमात जगातल्या प्रत्येक डॉक्टरला विचारते. बरा कधी होईन, हा तो प्रश्न नव्हे. ‘‘डेड कधीपासून मारू?’’

डॉक्टर बिचारे नवखे. शब्द ऐकून दचकले. अर्थ कळल्यावर त्यांनी समजावलं, की जड वजनाला माणूस श्वास कोंडतो, पोट बेल्टवर दाबतो, त्या क्षणी रक्तदाब कुठच्या कुठे जातो. तुमची रक्त गोठवणारी फौज अजून अर्धी रजेवर आहे. नुसत्या सर्दीचंही त्यांनी सांगून ठेवलं. त्रास गळ्याच्या वर असेल, म्हणजे नाक गळणं, शिंका, तर हलका व्यायाम चालेल. गळ्याच्या खाली उतरला, छातीत खोकला, अंगदुखी, ताप, तर पूर्ण सुट्टी. विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचला तर महागात पडतं.

भाऊंनी हे नीट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘‘बेंच आडवं पडून मारतात. आडव्या माणसाला वर काय आणि खाली काय?’’

भाऊंना धाडसी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. जिममध्ये या माणसाला दिवसातून दहा जण विचारतात, ‘‘भाऊ, किती मारताय सध्या?’’ कॉटवर पडल्यावर हे कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, ‘‘कसं वाटतंय?’’ या प्रश्नाला किलोत उत्तर देता येत नाही. भाऊंची घाबरगुंडी उडते ती तिथं.

घरी आल्यावर वहिनींनी बेल्ट ज्वारीच्या कोठीत लपवला. दहा सेंटिमीटर रुंदीचा, बोटभर जाडीचा, घामानं काळा पडलेला तो पट्टा ज्वारीत गेल्याची बातमी भाऊंनी शांतपणे घेतली. कारण त्यांचा सराव सुरूच होता. स्क्वॉटमध्ये मांडी गुडघ्याच्या पातळीखाली गेली नाही, तर पंच लाल दिवा दाखवतात, गेली तर पांढरा. ‘‘आपल्या पद्धतीच्या संडासात रोज तीन पांढरे घेतोय,’’ त्यांनी मला हळूच सांगितलं. ‘‘फक्त उठताना नळ धरावा लागतो.’’

मग खोकला झाला. इथं मात्र भाऊंचा अभ्यास डॉक्टरच्या पुढे निघाला. दुकानदारानं दिलेल्या औषधाची बाटली चष्मा पुसून त्यांनी वाचली आणि परत केली: टर्ब्युटालिन. आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत ते असतं आणि उत्तेजकांच्या बंदी-यादीतही असतं. माहिती शंभर टक्के खरी. पण भाऊंच्या स्पर्धेला प्रमुख पाहुणेसुद्धा दोन तास उशिरा येतात. तिथं लघवीचा नमुना घ्यायला दिल्लीहून कोण यायचं? भाऊंनी मध आणि आलं घेतलं आणि निष्कलंक राहून रात्रभर खोकले.

भाऊंना स्पर्धेपासून थांबवायचा शेवटचा उपाय म्हणून वहिनींनी डॉक्टरांनाच घरी बोलावलं. भाऊंनी त्यांच्यापुढे संकेत सरगरचं उदाहरण ठेवलं. सांगलीचा पोरगा, वडिलांची पानटपरी, २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. कोपर दुखावलेलं असताना तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला. रौप्य मिळालं, सुवर्ण एका किलोनं गेलं.

‘‘तो एकवीस वर्षांचा होता,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ते वेटलिफ्टिंग होतं. आणि त्याला डेंगी नव्हता.’’

‘‘म्हणून एका किलोनं गेलं,’’ भाऊ म्हणाले. यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही.

स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यावर भाऊ ८१.४ भरले. दरवर्षी ८३ च्या गटात बसायला त्यांना चार दिवस पाणी तोडावं लागतं. यंदा इडली खाऊन आले होते. त्यांच्या मागं एक पोरगा सहाशे ग्रॅम उतरवायला सकाळपासून बाटलीत थुंकत उभा होता. त्यानं कोरड्या ओठांनी विचारलं, ‘‘भाऊ, काय केलं हो?’’

‘‘डेंगी.’’

‘‘कुठं मिळतो?’’ पोरगा म्हणाला.

मास्टर्समध्ये, म्हणजे चाळिशीपुढच्या त्या गटात, स्पर्धक तीनच. टोटल लागली की पदक नक्की. शहाण्या माणसानं स्क्वॉटला १२० लिहिलं असतं. भाऊंनी १६० लिहिलं. एकदा बार चुकला की पुढच्या प्रयत्नाला वजन कमी करता येत नाही आणि तिन्ही चुकले तर टोटलच गेली. पहिल्याला खाली बसले, ते वर आलेच नाहीत. दोघांनी बार धरला. दुसऱ्याला खोली कमी पडली, तीन लाल. तिसऱ्याला वहिनी हॉलबाहेर निघून गेल्या. भाऊ बसले, मधे कुठंतरी थांबले, चेहरा वांग्यासारखा झाला आणि वर आले. दोन पांढरे, एक लाल. बेंच आणि डेड त्यांनी मुकाट्यानं हलके मारले. तिसरं बक्षीस.

पुढच्या आठवड्यात मी जिममध्ये गेलो तर भाऊ खुर्चीत बसले होते. एक पोरगा नाक ओढत बारखाली शिरत होता.

‘‘ए, अंग गरम आहे काय तुझं?’’ भाऊ गरजले.

‘‘थोडी कणकण आहे, भाऊ.’’

‘‘बाहेर हो. ताप असताना लोखंडाला हात लावायचा नाही. हृदयावर येतं. आठ दिवस तोंड दाखवू नकोस.’’ पोरगा निमूट गेला. भाऊंनी मला त्याच्या बारकडे खूण केली. ‘‘लावलेलंच आहे, तर एक सेट मारतो. तुम्ही जरा मागं उभे राहा.’’