चिरंजीवांचे कॅमेरे सोवळ्यात

रेडिंग, इंग्लंड
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,


थंडी पडली आहे, दुपारी चारलाच दिवेलागण होते आणि तुमचे चिरंजीव तुषार सध्या पोटमाळ्यावर राहतात. जेवायला खाली येतात.

बाबा, परवा फोनवर तुम्ही जरा घुश्शातच विचारलंत की खालच्या मजल्यावरच्यांना मुलाचं ह्यूस्टनचं घर बसल्या जागी मोबाइलवर दिसतं, मग आम्ही कॅमेरे लावूनही तुम्हाला काही का दिसत नाही? तुषारने दिलेल्या उत्तरात क्रियापदं सोडली तर मराठी काही नव्हतं. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

दिवाळीचं पार्सल दारातून गेलं हे तुम्हाला ठाऊकच आहे. पार्सलवाल्याने दाराशी खोकं ठेवून फोटो पाठवला आणि मी ऑफिसातून येईपर्यंत तिथे नुसतं पायपुसणं उरलं होतं. चकल्या गेल्या, चिवडा गेला, आईंचा कांदा-लसूण मसालाही गेला. चोराने तो मसाला चिवडा समजून चमच्याने खाल्ला असेल तर त्याला शिक्षा झालेली आहे. पोलिसांनी नोंद करून क्रमांक दिला आणि विचारलं, फुटेज आहे का? हा एक प्रश्न त्यांनी तुषारला विचारायला नको होता.

चारचौघं काय करतात? वाय-फायचा कॅमेरा आणतात, फोनला जोडतात आणि झोपतात. तुषारने केबलचं अख्खं भेंडोळं आणलं. वाय-फायच्या कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच, मग एकाच वायरमधून वीजही न्यावी आणि चित्रही आणावं, असं त्याचं म्हणणं. ते मला पटलं. याला पीओई म्हणतात. नेटवर्क स्विचच्या एका तोंडातून पंधराएक वॅट वीज केबलमधून वर जाते, कॅमेरा तेवढ्यावर खुशीत चालतो आणि शंभर मीटरपर्यंत ही केबल ओढता येते. आपलं घर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस मीटरसुद्धा नाही, पण केबल शंभर मीटरची आहे हे तुषारने येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात आणि त्या ठरावीक क्रमानेच प्लगमध्ये घालाव्या लागतात. आमची सई शेजारी बसून रंग सांगायची. आता संध्याकाळी शुभंकरोती झालं की ती आपणहून ‘पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा’ सुरू करते. आई, तुम्ही व्हिडिओ कॉलवर ऐकलंत आणि कुठलं नवीन स्तोत्र म्हणून विचारलंत, ते हेच.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. हे कॅमेरे घरातल्या इंटरनेटवर नाहीत. त्यांचं नेटवर्क वेगळं आहे. तार तीच, स्विच तोच, पण राउटरमध्ये तुषारने भिंती घातल्या आहेत. आमचे फोन-लॅपटॉप दहा नंबरच्या गल्लीत, पाहुण्यांचे वीस नंबरच्या आणि कॅमेरे तीसच्या. तीसमधून बाहेर इंटरनेटवर जायला वाटच नाही, आणि दहामध्ये डोकवायचीही सोय नाही. आम्ही मात्र दहामधून कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर पाहू शकतो. आई, तुमच्या सासूबाईंचं सोवळं आठवा. त्यांना कुणी शिवायचं नाही, त्यांनीही कुणाला शिवायचं नाही, आणि सगळा स्वयंपाक त्यांनीच करायचा. फरक इतकाच की इथे ज्यांना सोवळ्यात बसवलं आहे त्यांच्यावरच कुणाचा विश्वास नाही.

कॅमेऱ्यावर अविश्वास का, असं मीही विचारलं. तुषारने राउटरची नोंदवही उघडून दाखवली. हे कॅमेरे भिंतीवर बसल्या बसल्या थोड्याथोड्या वेळाने दूर कुठल्या तरी सर्व्हरला हाक मारत असतात. हाक का मारतात हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नाही. शिवाय २०१६ चं प्रकरण आहे. ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. फार हुशारीही लागली नाही. कारखान्यातून येतात तसे नाव-पासवर्डचे साठेक जोड तो एकेक करून लावून पाहायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला असल्या पछाडलेल्या यंत्रांनी एका कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास अडखळत राहिलं. लोकांनी घर राखायला लावलेले डोळे, आणि त्यांच्या मालकांना पत्ताच नाही. मला त्यात सगळ्यांत जास्त ते खटकतं.

दुसरं कारण मला आधी सुचलंच नव्हतं. कॅमेरा घराबाहेर असतो म्हणजे आपल्या नेटवर्कची एक तार घराबाहेर लोंबत असते. कुणी शिडी लावून कॅमेरा काढला आणि त्या तारेला आपला लॅपटॉप जोडला तर तो सरळ घरात. कुलूप न उघडता. तीस नंबरची गल्ली आहे म्हणून तो तिथेच अडकेल, आणि त्या तोंडावर ओळखीचा कॅमेरा नसेल तर स्विच दाद देत नाही. शिडी घेऊन येणारा आणि नेटवर्क जाणणारा चोर चकल्यांसाठी कशाला येईल, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

सोवळ्याचे तोटेही झाले. बाहेरचं जगच बंद, त्यामुळे कॅमेऱ्यांना वेळ कळेना. पहिल्या रात्री आमच्या अंगणातून कोल्हा गेला (इथे शहरात कोल्हे फिरतात, कचऱ्यावर जगतात), त्याची तारीख उमटली १ जानेवारी १९७०. बाबा, तेव्हा तुम्ही विलिंग्डनला शिकत होतात. पोलिसांना हे दाखवलं असतं तर त्यांनी कोल्ह्याचं वय विचारलं असतं. आता राउटरच कॅमेऱ्यांना घड्याळ लावून देतो.

कोल्ह्यापेक्षा कोळी वाईट. कॅमेरा थोडा ऊबदार असतो, वर छप्पर असतं, म्हणून कोळी नेमका भिंगासमोर संसार मांडतो. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात ते जाळं पांढरंफेक दिसतं, आणि वारा आला की यंत्राला वाटतं, माणूस! मध्यरात्री फोन वाजतो, तुषार टॉर्च घेऊन खाली धावतो आणि बाहेर आठ पायांचा एकच इसम. आता लांब दांड्याचा कुंचला आणला आहे. दर शनिवारी जळमटं काढतात. घरातली जळमटं काढायला सांगितली की पाठ दुखते.

साठवणीचा हिशेब तुम्हाला आवडेल, बाबा, ट्रेझरीत आयुष्य गेलं तुमचं. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट पाठवतो, म्हणजे दिवसाला त्रेचाळीस जीबी. चार कॅमेऱ्यांचे पावणेदोनशेच्या आसपास. चार टीबीची डिस्क तीनेक आठवड्यांत भरते आणि मग जुनं पुसून त्यावर नवं येतं. या तीन आठवड्यांच्या ऐवजात आहे काय? मांजर, पोस्टमन, पाऊस. खरा उपयोग एकच झाला आहे. या आठवड्यात कचऱ्याचा कुठला डबा बाहेर काढायचा हे आम्हाला कधी आठवत नाही. आता शेजाऱ्यांनी कुठल्या रंगाचा काढला ते फुटेजमध्ये बघतो.

हो, शेजारी. इथे स्वतःच्या हद्दीत कॅमेरा काहीही टिपो, पण तो रस्ता किंवा दुसऱ्याची बाग टिपायला लागला की माहिती संरक्षणाचा कायदा आपल्याला लागू होतो. पाटी लावा, कारण सांगा, आणि कुणी स्वतःचं फुटेज मागितलं तर महिन्याच्या आत द्या. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयात अशाच एका शेजारभांडणाचा निकाल कॅमेरेवाल्याच्या विरुद्ध गेला, आणि न्यायाधीशांना चित्रापेक्षा दूरवरचा आवाज टिपणं जास्त खटकलं. ते वाचून तुषारने सगळ्या कॅमेऱ्यांचे माइक बंद केले आणि शेजारच्या आजींची बाग पडद्यावर काळ्या चौकोनाने झाकली. आजी स्वतः येऊन, चहा घेऊन, चष्मा पुसून खात्री करून गेल्या. पंधरवड्याने पुन्हा आल्या. त्यांचे ट्युलिपचे कंद रात्री कोण उकरतं ते त्यांना बघायचं होतं, तर तो काळा चौकोन जरा काढता का? तुषारने नम्रपणे नाही म्हटलं. तेव्हापासून आजी माझ्याशीच बोलतात.

तर बाबा, तुम्हाला दिसत नाही कारण कुणालाच दिसू नये अशी सोय केली आहे. राउटरचं पोर्ट उघडून देणं सोपं आहे, पण उघडी यंत्रं हुडकून त्यांच्या याद्या करणारं ‘शोडान’ नावाचं शोधयंत्र २००९ पासून चालू आहे. तुम्हाला दिसेल ते मग कुणालाही दिसेल. म्हणून तुषार तुमच्या टॅबसाठी वेगळी किल्ली बनवतो आहे. वायरगार्ड नावाचं ॲप टाकायचं, आम्ही पाठवू तो चौकोनी कोड स्कॅन करायचा, की तुमच्यापुरती चोरवाट उघडेल. दिसेल ते फक्त पुढचं दार. आई, घरात एकही कॅमेरा नाही आणि स्वयंपाकघरात कधीही बसणार नाही. सई डब्यातली भाजी खाते की टाकते हे तुम्हाला माझ्या शब्दावरच मानावं लागेल.

आता एक विनंती, आणि ती सोसायटीच्या सेक्रेटरींना, म्हणजे बाबा, तुम्हालाच आहे. मे महिन्यात आलो तेव्हा वॉचमनच्या केबिनमधला रेकॉर्डर तुषारने पाहिला. नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड एक ते सहा, आणि तो विसरू नये म्हणून पुठ्ठ्यावर लिहून वर टांगलेला. कमिटीतल्या सगळ्यांना मोबाइलवर दिसावं म्हणून बसवणाऱ्याने पोर्टही उघडून ठेवलं आहे. इंग्लंडात २९ एप्रिल २०२४ पासून असा सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून यंत्र विकायलाच बंदी आहे. आपल्याकडेही एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना तपासणी सक्तीची झाली, पण तुमचा रेकॉर्डर त्याच्या कितीतरी आधीचा. बेचाळीस बिऱ्हाडांची ये-जा त्यात आहे. कोण कधी गावाला गेलं, कुणाचं दार किती दिवस बंद आहे, सगळं.

तेव्हा बाबा, पुढच्या सभेत हा विषय लिफ्टच्या आधी घ्या, कारण लिफ्ट निघाली की सभा संपते. पासवर्ड बदला, पोर्ट बंद करायला लावा, रेकॉर्डर ऑफिसच्या कॉम्प्युटरपासून वेगळा करा. बसवणारा कुरकुरला तर रविवारी तुषारला फोन लावून द्या. आणि तो पुठ्ठा आजच काढा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मृणाल