सासुरवाडी, अक्षांश ६२ उत्तर

मे महिन्यात पुण्यातला शहाणा माणूस कोकणात जातो. तिथे आंबे असतात, फणस असतात, पोरं दिवसभर उंडारतात आणि आईबाप दुपारी ताणून देतात. आम्ही मे महिन्यात फिनलंडला जातो. तिथे तेव्हा बर्चच्या झाडांना धड पानंही फुटलेली नसतात आणि तळ्यावरचा बर्फ वितळून जेमतेम तीन आठवडे झालेले असतात. पर्यटक जुलैत येतात. आम्ही पडलो शाळेच्या वेळापत्रकाचे बांधील. पुण्यातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि तिकडच्या शाळांना सुट्टी लागते जूनच्या तोंडावर. म्हणजे ज्या मामेभावंडांबरोबर हुंदडून आमच्या मुलांनी फिनिश शिकायचं, ती भावंडं आम्ही तिथे असतो तेव्हा बहुतेक दिवस वर्गात बसलेली असतात. आमच्या मुलांच्या वाट्याला येतात ते आजी-आजोबा. याचे परिणाम पुढे येतीलच.

बायकोचं नाव लीना. हे नाव फिनलंडातही आहे आणि सदाशिव पेठेतही, त्यामुळे लग्नपत्रिका वाचून कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. त्या मांडवात उंचावल्या. मुलांची नावंही आम्ही दोन्हीकडे खपतील अशीच ठेवली. मीरा तिकडेही मीराच राहते आणि आरोहचा ‘आरो’ होतो. माझ्या नावात मात्र ‘ज्ञ’ आणि ‘ष’ दोन्ही असल्यामुळे सासुरवाडीनं तो नाद केव्हाच सोडला. तिथे मी ‘मीराचे बाबा’.

मुलं झाली तेव्हा आम्ही सगळं शास्त्रोक्त करायचं ठरवलं होतं. झ्यूल रोंझा नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञानं १९१३ साली आपल्या मुलावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. बाप फ्रेंच, आई जर्मन. दोघांनी मुलाशी फक्त आपापल्या भाषेत बोलायचं, एक माणूस एक भाषा, आणि पोरगा दोन्ही भाषा बिनबोभाट शिकला. पण रोंझाचा मुलगा पुण्यात वाढला नव्हता. आमच्याकडे आई फिनिश, बाप मराठी, शाळा इंग्रजी, वॉचमन हिंदी आणि टीव्हीवर लागेल ते. पालकसभेत एका बाईंनी सल्ला दिला की घरीही इंग्रजीच बोलत जा, नाहीतर मुलं गोंधळतात. लीनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सणसणीत मराठीत विचारलं, “मुलं गोंधळतात की तुम्ही?” पुण्यात नांदल्याचा परिणाम, दुसरं काय!

नातेवाइकांचा प्रश्न जास्त व्यवहारी असतो. फिनिश शिकून पुढे स्कोप काय? सबंध देश ५६ लाखांचा. नुसत्या पुणे जिल्ह्यात २०११च्या जनगणनेतच ९४ लाख माणसं होती. हिशेबानं बघायला गेलं तर त्यांनीच मराठी शिकायला हवं.

पण घरात एकटी आईच फिनिश बोलताना दिसली, तर मुलांना ती भाषा वाटत नाही, आईची खोड वाटते. म्हणून त्यांना वर्षातून एकदा अशा ठिकाणी न्यावं लागतं, जिथे कुत्र्यालाही त्याच भाषेत हाकलतात.

माझं स्वतःचं म्हणाल, तर शाळेत स-ला-ते घोकत मराठीच्या आठ विभक्त्या मी रडतखडत पार केल्या होत्या. फिनिशमध्ये पंधरा आहेत. त्यामुळे माझं फिनिश ‘किइतोस’, म्हणजे आभारी आहे, इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. अत्यंत आभारी जावई अशी माझी त्या पंचक्रोशीत ख्याती आहे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही आणि लीना कायम कुठल्या ना कुठल्या कामात, तेव्हा दुभाषे मुलंच. सासूबाई चुलीपाशी उभ्या राहून चांगली चार-पाच मिनिटं बोलतात, मध्येच खिडकीबाहेर बोट दाखवतात, एकदा उसासाही टाकतात. मीरा सांगते, “जेवायला चल म्हणतेय.” मग मी जावयाला शोभेल असं, प्रवासाची हकीकत आणि प्रकृतीची चौकशी मिळून ऐसपैस उत्तर देतो. आरोह एक शब्द उच्चारतो. सासूबाई मान हलवतात. जावई-सासूचे संबंध इतके सलोख्याचे का, याचं रहस्य या काटछाटीत असावं.

प्रवासवर्णन म्हटलं की स्थळदर्शन आलं. हेलसिंकीहून आगगाडीनं पारिक्काला, तिथे गाडी बदलून सावोनलिन्ना. गावात ओलाविनलिन्ना हा १४७५ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे. पाण्यात उभा आहे आणि जुलैत त्यात ऑपेरा होतो. पाहिला. वर पिठलं-भाकरी मिळत नाही. तिथून मोटारीनं सायमा तळ्याकाठच्या उन्हाळी घरी, म्हणजे ‘म्योक्की’वर. तळं चार हजार चारशे चौरस किलोमीटरचं आणि त्यात तेरा-चौदा हजार बेटं. घराला नळ नाही, संडास रानात, सौना मात्र सुसज्ज. पुण्याचं चाळीस अंश चुकवून आलेला मी ऐंशी अंशांच्या लाकडी खोलीत उघडाबंब बसतो आणि घामाच्या धारांतून ‘किइतोस’ म्हणतो. युनेस्कोनं २०२० साली ही सौना-संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. माझ्या पाठीला तो वारसा चांगलाच मूर्त वाटला.

आता मुख्य विषय, म्हणजे मी आणि होडी.

सायमा तळ्यात नोर्प्पा नावाचा सील राहतो. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राशी संबंध तुटून ही जात गोड्या पाण्यात अडकली. जगात फक्त या तळ्यात सापडते आणि तीही पाचशेच्या आसपास. मे महिन्यात जुने केस गाळत ते खडकांवर निवांत पडून असतात. जवळ जायचं नसतं, लांबून दुर्बिणीनं बघायचं असतं. लीना मोटार घेऊन गावात गेली होती. मुलांनी हट्ट धरला आणि खडकवासल्याला एकदा होडीत बसल्याच्या अनुभवावर मी वल्ही हातात घेतली.

समोरच्या बेटावर उतरलो. बेट कसलं, चार पाइन आणि एक खडक. होडी बांधली. ती कुणी बांधली, याबद्दल आमच्या घरात दोन मतप्रवाह आहेत. एक माझा आणि दुसरा उरलेल्या सगळ्यांचा. दुर्बिणीत नोर्प्पा दिसला. तो पोटावर पडून होता आणि आमच्याकडे बघून कंटाळला होता. इतक्यात आरोहनं विचारलं, “बाबा, आपली होडी कुठे चाललीय?”

होडी रमतगमत तळ्याच्या मध्याकडे निघाली होती. तिच्यात वल्ही होती, बाकरवडीचं पाकीट होतं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, भिजू नये म्हणून, माझा फोन होता. पोहत जावं तर त्या पाण्यात बोट घातल्यावर ते जागेवर आहे ना, हे बघावं लागत होतं. संध्याकाळचे साडेआठ झाले होते आणि ऊन लख्ख होतं, कारण सूर्य मावळायला दहा वाजतात. तिकडे माणसाची फजितीसुद्धा भरउजेडात होते.

मग मोटारबोटीची फटफट ऐकू आली. टोपी घातलेला एक म्हातारा गळ टाकून संथपणे चालला होता.

“ओरड!” मी मीराला म्हणालो.

“इथे अनोळखी माणसांवर असं ओरडत नाहीत, बाबा.”

“अगं, आपण बेटावर अडकलोय!”

“तरी.”

शेवटी मीच ओरडलो. “ओ काका! अहो, होडीवाले काका!” त्यांनी हात केला. तळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायची तिकडे रीतच आहे. आम्ही हात केला, त्यांनी हात केला. आम्ही दोन्ही हात केले, त्यांनी टोपी हलवली. आरोहनं शर्ट काढून गरागरा फिरवला. काका मनापासून खूश झालेले दिसले आणि पुढे जायला लागले.

“उक्की ओरडायचा ते ओरडू?” मीरानं विचारलं.

उक्की म्हणजे आजोबा, माझे सासरे. सावो प्रांताचा अस्सल माणूस. सावोच्या लोकांबद्दल तिकडे म्हणतात, की त्यांनी तोंड उघडलं की जबाबदारी ऐकणाऱ्याची. पुणेकर म्हणून मला हे ऐकून घरच्यासारखं वाटलं होतं. दर मे महिन्यात मुलं त्यांच्या मागे मागे असायची. जाळी सुकव, लाकडं रच, होडीला डांबर लाव, आणि हे सगळं करताना उक्की तोंडानं चालूच. त्यामुळे माझ्या मुलांचं फिनिश हे पंचाहत्तरीच्या सावो शेतकऱ्याचं फिनिश झालंय. हेलसिंकीत मीरानं आइस्क्रीम मागितलं की दुकानातली मुलगी काउंटरवरून वाकून बघते, की हे आजोबा कुठून बोलतायत.

गेल्या हिवाळ्यात उक्की गेले. लीना एकटीच गेली होती. मुलांच्या परीक्षा होत्या, तिकिटं मिळत नव्हती, अशी कारणं असतातच आणि ती खरीही असतात. मुलांनी फारसं काही विचारलं नाही. मलाही त्यांच्याशी बोलायला शब्द सापडले नाहीत, कारण त्यांचं आणि उक्कीचं सगळं जग ज्या भाषेत होतं, तिच्यात मला फक्त आभार मानता येतात.

उक्की रोज धक्क्यावर उभे राहून, तळ्यात जो कुणी असेल त्याला, ओळखीचा असो की नसो, एकच हाक मारायचे. कॉफी झाली! फिनिश माणूस वर्षाला दहा किलोच्या वर कॉफी फस्त करतो आणि जगात या बाबतीत त्याला फार थोडे प्रतिस्पर्धी आहेत. मदतीची हाक त्याला गोंधळात टाकेल. या हाकेला मात्र तो ओ देतो.

मीरानं तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली. पाचवीतल्या मुलीच्या गळ्यातून तो सूर, तो हेल, शेवटी लांबवलेला तो स्वर. माझ्या अंगावर काटा आला. फटफट थांबली. बोट वळली.

काका खडकापाशी आले, आमच्या तिघांकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. “कॉफी कुठाय विचारतायत,” आरोह म्हणाला. मीरानं बहुधा परिस्थिती समजावून सांगितली. मग त्यांनी तिला जे विचारलं, ते मला दुभाष्याशिवाय कळलं. मावळातल्या पारावर बसलेली म्हातारी माणसं त्याच सुरात विचारतात, कुणाची गं तू? मीरानं समोरच्या किनाऱ्याकडे बोट दाखवून उक्कींचं नाव सांगितलं. काकांनी टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, परत घातली. मग आमची पळालेली होडी गाठून मागे बांधली आणि बोलायला सुरुवात केली.

फिनिश लोक अबोल असतात म्हणे. काका किनारा येईपर्यंत थांबले नाहीत. मुलं हसत होती, मध्येच गप्प होत होती, मीरा प्रश्न विचारत होती, आरोह हातांनी केवढातरी मासा दाखवत होता. मी दोघांच्या मधे, पाय ओले, काही कळत नाही असा बसलो होतो.

“काय सांगतायत गं?”

“काही नाही बाबा. माशांचं.”

एवढं सगळं माशांचं नव्हतं, हे न कळण्याइतका मी अडाणी नाही. पण पुन्हा विचारलं नाही. माझ्या मुलांच्या आयुष्यात एक दालन आहे आणि त्यात मला प्रवेश नाही. ते दालन उघडं राहावं म्हणूनच आम्ही दरवर्षी फंड मोडल्यासारखे पैसे विमानाला घालतो. मग दाराशी चपला काढून बाहेर बसायची तयारी हवी.

सासूबाई धक्क्यावर उभ्या होत्या. पाण्यावरून आवाज लांबवर जातो. त्या मीराला काहीतरी म्हणाल्या.

“म्हणाली, हाक ऐकू आली म्हणून कॉफी ठेवली.”

या खेपेस मीरानं काही गाळलं नसावं. सासूबाई बोलल्याच तेवढं.

मग अर्थातच सगळे कॉफीला बसले. काकांनी बाकरवडी संशयानं उलटीसुलटी करून पाहिली, खाल्ली, दुसरी घेतली, तिसरी खिशात टाकली. लीना परतली तेव्हा तिला हकीकत एकाच वेळी तीन पाठांत ऐकायला मिळाली. त्यातल्या होडी बांधण्याच्या भागावर सासूबाईंनी बरंच भाष्य केलं आणि ते मात्र मला शब्दशः भाषांतरित करून सांगण्यात आलं.

या खटाटोपातली खरी गोम वेगळीच आहे. फिनलंडहून परतताना मुलांचं फिनिश सुधारलेलं असतं आणि मराठी त्याहून जास्त सुधारलेलं असतं. पुण्यात सोसायटीच्या आवारात ती इंग्रजीत भांडतात, हिंदीत चिडवतात आणि मराठी जेवायला बसल्यावर आठवतात. तिकडे मात्र आजीसमोर आजीच्या सुपाबद्दल खरं मत द्यायचं तर मराठीइतकी सुरक्षित भाषा नाही. मराठी मुलखात राहून पोरांचं मराठी तुकतुकीत करायला सहा हजार किलोमीटर जावं लागतं, याचा मला भयंकर राग येतो. पण तो कुणावर काढायचा? सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला, तर इतिवृत्त इंग्रजीत निघालं.

परवा लक्ष्मी रोडवरून बसनं येत होतो. मी उभा, दोघं बसलेली. माझ्या नव्या चष्म्याकडे बघून मीरा उक्कीच्या हेलात काहीतरी म्हणाली आणि दोघं फिसकन हसली.

“काय झालं?” मी करड्या आवाजात विचारलं.

“काही नाही बाबा,” आरोह म्हणाला, “माशांचं.”