पाऊणपट नाखवा

हौशी नाखव्याचा खरा स्वभाव वादळात कळत नाही. वादळात तो गप्प असतो, आपल्यासारखाच घाबरलेला असतो. त्याला बघावं ते वारा पडल्यावर. शीड दोरीवरच्या ओल्या पंचासारखं लोंबतंय, होडी जागची हलत नाही, बिस्किटांचा शेवटचा पुडा संपलाय, आणि हा गृहस्थ लांबवर बोट दाखवून सांगतोय, "ते बघ, तिकडे पाणी काळं दिसतंय. आला वारा." तो वारा आहे, ढगाची सावली आहे की त्याच्या चष्म्यावरचा डाग, असं विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही.

असे एक नाखवे माझ्या परिचयाचे आहेत. साउथॅम्प्टनला दातांचे डॉक्टर आहेत. मूळ दादरचे, आजोळ रेवदंड्याचं. दवाखान्यात त्यांच्याइतका मऊ माणूस सापडायचा नाही. "जरा तोंड उघडा हं. फक्त पाच मिनिटं." दाढ उपटतानासुद्धा दाढेची माफी मागावी असा आवाज. तोच माणूस शनिवारी होडीवर पाय ठेवतो आणि घशातून भलतंच कोणीतरी बोलायला लागतं. "सोड! सोड म्हणतोय ना! ती नव्हे, दुसरी दोरी!" होडीवर एकूण सतरा दोऱ्या आहेत आणि मी हात लावीन ती नेहमी पहिली असते.

होडी एकतीस फुटी, वयाने पस्तिशीची. तिच्यात डॉक्टरांचा एक तृतीयांश हिस्सा. नेमका कोणता तृतीयांश, हे दुरुस्तीचं बिल आलं की ठरतं. माझी नेमणूक वजन म्हणून झाली. यात विनोद नाही, तशी जागाच असते. होडी कलली की वरच्या काठावर जाऊन बसायचं, पाय बाहेर सोडायचे आणि मत द्यायचं नाही. मी आयटीत आहे. कामाचं स्वरूप ओळखीचं वाटलं.

तर शर्यत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. त्याला प्रदक्षिणा घालायची. काऊजहून निघून पश्चिमेला नीडल्स नावाच्या पांढऱ्या सुळक्यांना वळसा, मग बेटाच्या पाठीमागून सेंट कॅथरिन्स पॉइंट, पुढे बेंब्रिज आणि परत काऊज. पन्नास सागरी मैल, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटर. होड्या हजाराच्या घरात. त्यात कोट्यवधींच्या नव्याकोऱ्या यॉट असतात, आणि आमचीही असते. दहा-दहा मिनिटांनी एकेका गटासाठी तोफ वाजते. शर्यतीचा दिवस आणि वेळ भरती-ओहोटी बघून ठरवतात, कारण बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली सोलेंट नावाची खाडी दोन्ही तोंडांनी उघडी आहे. सकाळी पाणी पश्चिमेला धावत असताना निघालात तर नीडल्सपर्यंत ते फुकट नेऊन सोडतं. वाटेत हर्स्टच्या चिंचोळ्या जागेत त्याची ओढ चार नॉटवर जाते. उलट दिशेने सापडलात, तर आमच्यासारखी होडी चांगल्या वाऱ्यातसुद्धा पाच-सहा नॉटच काढते. वारा पडल्यावर काय होत असेल ते सांगायला नको. तेच सांगायला बसलोय म्हणा.

डॉक्टरांना शर्यतीचा इतिहास मुखोद्गत. १८५१ साली याच बेटाभोवती 'अमेरिका' नावाच्या स्कूनरने ब्रिटिशांच्या नाकावर टिच्चून शर्यत मारली, आणि ती करंडक घेऊन गेली म्हणून आजही त्याला अमेरिकाज् कप म्हणतात, देशामुळे नव्हे. "सकाळी दहाला निघाली, पोचायला रात्रीचे साडेआठ वाजले. वाराच नव्हता," असं डॉक्टर सांगतात ते अशा थाटात की आपण आणि ती स्कूनर एकाच अडचणीतून गेलेलो आहोत. आमची शर्यत आयलंड सेलिंग क्लबने १९३१ साली सुरू केली. पंचवीस होड्या होत्या आणि जिंकली कोण, तर बावीस फुटांची, कॉर्नवॉलची मासेमारीची होडी! डॉक्टरांच्या सगळ्या आशा त्या होडीला बांधलेल्या आहेत. शिवाय प्रत्येक होडीला तिच्या कुवतीप्रमाणे रेटिंग असतं. लागलेल्या वेळेला त्याने गुणायचं आणि मग क्रम लावायचा. २०१७ साली एका ट्रायमरानने ही फेरी २ तास २२ मिनिटांत पुरी केली. आम्ही त्या वेळात डबे उघडतो. पण गुणाकार आहे तोवर हौशी नाखवा हरत नाही.

डॉक्टरांचा मात्र खास स्वतःचा एक गुणाकार आहे, आणि तो रेवदंड्याहून आलेला आहे. आजीने शिकवलेला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पुनवेला बाराच्या आसपास. तिथी एकने पुढे सरकली की भरती पाऊण तासाने पुढे. आमच्याकडे कोळ्यांपासून भटजींपर्यंत हा हिशोब बोटांवर चालतो. गंमत म्हणजे तो पोर्टस्मथलाही चालतो! तिथेही उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. ज्या दिवशी डॉक्टरांना हा शोध लागला त्या दिवशी त्यांनी मला फोन करून रात्री साडेअकराला उठवलं. सोलेंटच्या प्रवाहांची सरकारी पुस्तिका मिळते. पोर्टस्मथच्या भरतीआधीचे सहा तास, नंतरचे सहा आणि मधला एक, असे तेरा नकाशे असतात, नकाशाभर बाण. होडीवर ती आहे. तिच्यावर चहाचा कप ठेवतात. "इंग्रजांना तेरा नकाशे लागतात," डॉक्टर म्हणतात, "माझ्या आजीला दोन बोटं पुरत होती."

त्या वर्षी शर्यतीला सप्तमी होती. म्हणजे भांगाचं पाणी, ओढ कमी. वाराही कमी. पहाटेच निघालो ते पाण्याच्या पाठीवर बसून नीडल्सला पोचलो. मग बेटाच्या मागे दुपारी जमीन तापली, खारा वारा सुटला आणि आम्ही खरोखर चाललो. बेंब्रिजचा बोया वळलो तेव्हा आमच्या मागे निदान शंभर होड्या होत्या. डॉक्टरांनी त्या दोनदा मोजल्या.

आणि वारा पडला.

पडला म्हणजे असा, की शेजारच्या होडीवर कोणी सफरचंद चावलं तर इकडे ऐकू येत होतं. समोर जेमतेम दहा मैलांवर काऊज, आणि पाणी समोरून. डॉक्टरांनी फर्मान काढलं, कोणी हलायचं नाही. वाऱ्याच्या झुळुकेत होडी शिडाच्या बाजूला थोडी कलती ठेवली की शिडाला पोट येतं आणि पाण्याला घासणारा भाग कमी होतो. म्हणून आम्ही पाच जण एका काठावर, श्राद्धाच्या पंगतीला बसल्यासारखे. शिंक आली तरी परवानगी घेऊन. डॉक्टर शिडावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्याकडे नजर लावून बसले होते. धागा आडवा उडायला हवा. तो पार गळून पडला होता.

होडीवर दोन मीटर आहेत. एक पाण्यातला वेग सांगतं, दुसरं उपग्रहाला विचारून जमिनीवरचा. पहिल्यावर ०.६ होतं, दुसऱ्यावर ०.५. "बघा, चाललोय!" डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात किनाऱ्यावरचं एक लाल छपराचं घर माझ्या डावीकडून हळूच पुढे सरकलं. घरं सहसा असं करत नाहीत. दुसऱ्या मीटरच्या कोपऱ्यात दिशा बारीक अक्षरात असते. ती बेंब्रिजची होती.

आता इंजिन आहे. पायाखालीच आहे. बटण दाबलं की अडीच तासांत काऊजला, गरम जेवण. पण इंजिन लावलं की शर्यतीतून बाद. एकादशीला समोर कांदाभजी मांडून ठेवावीत, तसं ते लाल बटण दिवसभर डोळ्यांपुढे. वल्हवायचं नाही, शीड हाताने हलवून वारा घालायचा नाही, होडी डोलवायची नाही. नियम सगळे लिहिलेले आहेत. नांगर टाकायला मात्र मुभा आहे; अट एवढीच, की निघताना तो उचलून घ्यायचा. आणि त्याच नियमात पुढे असंही आहे, की क्रूने समुद्राच्या तळावर उभं राहिलं तरी चालेल.

हे शेवटचं वाक्य मी थट्टा समजत होतो. पण समोरून पाणी असलं की नाखवा किनारा धरतो, कारण उथळ पाण्यात ओढ मंद असते. डॉक्टर राइडच्या वाळूच्या दिशेने सरकू लागले. खोलीचं मीटर ३.१ वरून २.६ वर आलं, मग २.२. आमच्या होडीला पावणेदोन मीटर पाणी लागतं. डॉक्टरांनी नियमांचं पुस्तक काढलं, क्रूमधल्या निवृत्त इंग्रज मास्तरांकडे एक नजर टाकली, मग माझ्याकडे वळले. "तुझी उंची किती रे?"

मी पाच फूट चार इंच आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं समाधान वाटलं.

मास्तरांनी मध्यममार्ग काढला आणि नांगर टाकला. आजूबाजूच्या होड्यांनीही टाकले होते. बघता बघता समुद्राची चाळ झाली. इकडून तिकडे चहाची विचारपूस, कोणाचा रेडिओ, कोणाचा कुत्रा. मास्तर सांगत होते, या सोलेंटमध्ये ब्रॅम्बल बँक म्हणून वाळूचा पट्टा आहे; वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला तो उघडा पडला की दोन यॉट क्लब तिथे जाऊन क्रिकेट खेळतात, पाणी चढायच्या आत डाव आटोपतात, आणि जिंकायचं कोणी ते आळीपाळीने आधीच ठरलेलं असतं. मला व्यवस्था फार आवडली. डॉक्टरांना मुळीच नाही. "मग हरल्यावर बोलायचं काय?" ते म्हणाले.

आणि त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच. सव्वापाचला भरती. इथला प्रवाह भरतीच्या तासभर आधी फिरतो. म्हणजे सव्वाचार! घड्याळात चार वाजून चौदा मिनिटं झाली होती. डॉक्टर उभे राहिले. शंभर होड्या नांगर टाकून चहा पीत होत्या आणि पाणी कधी फिरणार हे त्यांतल्या एकालाच कळलेलं होतं.

"नांगर उचला!"

मास्तर पुस्तिकेवरचा कप उचलू पाहत होते, पण आज्ञा ही आज्ञा. मी साखळी ओढली. गाळाने माखलेला नांगर वर आला, आणि आम्ही निघालो. भारदस्तपणे. मागे.

सकाळपासून ज्यांना ज्यांना गाठलं होतं, त्या सगळ्यांपुढून आम्ही उलटे गेलो. निळी होडी, दोन म्हाताऱ्या बहिणींची होडी, कुत्र्याची होडी. प्रत्येकाने हात केला. मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखे आम्हीही हात करत गेलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. एका बहिणीने विचारलं, "काही विसरलात का?" डॉक्टर धाग्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात वहिनींचा फोन. जेवायला थांबायचं की नाही? डॉक्टर फणकारले, "सप्तमी आहे, सव्वापाचची भरती आहे, पाणी सव्वाचारलाच फिरायला हवं होतं!"

फोनवर वहिनींचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अहो, आजींच्या रेवदंड्याला मार्चमध्ये घड्याळ पुढे करत होते का?"

शांतता पसरली. दर मार्चच्या शेवटच्या रविवारी डॉक्टर घरभर स्टूल घेऊन फिरतात आणि भिंतीवरचं, स्वयंपाकघरातलं, गाडीतलं, सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. मायक्रोवेव्हवरचंसुद्धा. आजीचं तेवढं राहिलं होतं.

पुन्हा नांगर टाकला. सव्वापाचला पाणी फिरलं, तंतोतंत. आजी कुठेच चुकली नव्हती. त्याबरोबर सगळी चाळ हलली, आणि आम्ही तिच्या शेपटाला. काऊजची रेघ ओलांडली तेव्हा अंधार पडत होता. गुणाकार करूनही आमच्या गटात शेवटून चौथे. डॉक्टर परतीच्या गाडीत अवाक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता होडीचा तृतीयांश विकायला निघणार.

पुढच्या आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात गेलो. नेहमीचा मऊ आवाज. "जरा तोंड उघडा हं. फक्त पाच मिनिटं." गालात कापूस कोंबला, जीभ बधिर केली, एका कोपऱ्यात थुंकी ओढणारी नळी अडकवली. मग नर्सकडे वळून डॉक्टर सांगू लागले, "त्या दिवशी सगळे नांगर टाकून बसलेले. मी म्हटलं, छे. मुद्दाम होडी मागे सोडली. बेंब्रिजकडे पाणी काळं दिसत होतं, वारा तिथूनच येणार होता. याला म्हणतात डावपेच. आला असता ना, तर दहांत होतो."

मी जोरात म्हणालो, "आँ! आँ आँ!"

"बघ," डॉक्टर तिला म्हणाले, "हे तर होडीवरच होते."