सव्वादोन तासांतली गोम

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. काल तेवढंच होतं, उद्याही तेवढंच राहणार. जेट विमान एकदा वर गेलं की ताशी आठशेच्या पुढे पळतं. शाळकरी पोराला गणित घातलं तर तो दीड तासाच्या आत उत्तर काढून देईल. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. मधला पाऊण तास कुणाच्या खिशात गेला?

थोडा रीतसर जातो. विमान सुटणं म्हणजे उडणं नव्हे. चाकांचे अडसर काढून ते जागचं हललं की सुटलं, पलीकडे पुन्हा अडसर लागले की पोहोचलं. याला म्हणतात ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, चढता-उतरतानाचा कमी वेग आला. मुंबईत तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवायची. नंबर लागला नाही की वरच घिरट्या. एक फेरी साधारण चार मिनिटांची. खिडकीतून तीच खाडी तिसऱ्यांदा दिसली की शेजाऱ्याशी ओळख करून घ्यावी.

इथवर तक्रार नाही. गोम पुढे आहे. वेळापत्रक आखतानाच कंपन्या त्यात जादा मिनिटं भरून ठेवतात. शिवाय १५ मिनिटांच्या आतला उशीर या धंद्यात उशीर धरतच नाहीत. म्हणजे पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा आणि वर ग्रेस मार्कही आपणच घ्यायचे!

मग ती घोषणा होते. ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी पोहोचलो आहोत.’ आवाजात असा थाट, जणू वैमानिकानं मधूनच एखादी गल्ली पकडली. घोषणा संपायची वाट न बघताच निम्मं विमान उठून उभं. सामानाच्या कप्प्याखाली माना वाकड्या, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, ‘हो, उतरलोच’. आणि कळतं की विमान लावायला जागाच रिकामी नाही. वीस मिनिटं तिथेच जिरतात.

कंपन्यांचा बचाव असतो की तेच विमान दिवसभर पुढे चार गावं करतं, सकाळचा उशीर रात्रीपर्यंत फुगत जातो. कबूल. मग राखून ठेवलेल्या वेळेची शेखी कशाला मिरवता?

आता नवी मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. पनवेलकराला दिल्ली जवळ आली. बोरिवलीकर मात्र तीनशे रुपये वाचले म्हणून खुशीत तिकीट काढतो आणि विमानतळाचं नाव वाचतच नाही. ते टॅक्सीवाला वाचतो.