खडीवरील योगाभ्यास

विलायतेतील धनिक लोक खास उंच मोटारसायकली खरीदून, त्यांना दातेरी टायर चढवून आणि शिक्षकाला घसघशीत शुल्क मोजून खडीवर गाडी हाकण्याची जी विद्या संपादन करतात, ती आजरा तालुक्यातील सामान्य रयतेस शंभर सीसीच्या घरगुती गाडीवर, टाकीवर घनसाळ तांदळाचे पोते आणि मागे सौभाग्यवती अशा सरंजामासह, सरकारी खर्चाने प्राप्त होते, हे आपल्या कल्याणकारी राज्याचे एक दुर्लक्षित भूषण होय. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात मृगापासून कोसळणारा पाऊस डांबर उखडतो; मग खड्ड्यांत खडी व मुरूम तत्परतेने पडतो; आणि नवे डांबर मात्र अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा व मुदतवाढ अशी चारधाम यात्रा आटोपून यथावकाश येते.

या संधिकाळात पुढचा ब्रेक करकचून दाबावा, तर चाक अडते, अडलेले चाक हँडलचा हुकूम मानीत नाही आणि गाडी आडवी होते. म्हणून मागच्या ब्रेकला हलका स्पर्श, दुसऱ्या गिअरची संथ गती, सैल मूठ आणि चाकाखाली न खिळता दूरवर स्थिरावलेली दृष्टी, असा हा स्थितप्रज्ञाचा मार्ग आहे. सव्वाशे सीसीवरील नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचा झालेला एबीएस, म्हणजे चाक अडू न देणारी ब्रेकयंत्रणाही येथे हतबल ठरते, कारण सुट्या खडीवर ती थांबण्याचे अंतर बहुधा वाढवितेच. आंबोलीच्या धबधब्याकडे धावणाऱ्या शहरी स्वारांना हे ज्ञान पहिल्याच वळणावर, काहीशा घाईने, होते.

कंत्राटदाराच्या बिलात खडीचा ब्रासवार हिशेब असतो. सोललेल्या गुडघ्यांसाठी त्यात रकाना नाही.